मतपत्रिकेवरच्या मुख्य न्यायमूर्ती

४ नोव्हेंबर १९८६ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी रोझ एलिझाबेथ बर्ड यांना राज्याच्या मुख्य न्यायमूर्तिपदावरून दूर केले. त्यांच्यावर लाचखोरीचा आरोप नव्हता, कोणतीही चौकशी प्रलंबित नव्हती, कायदेमंडळात महाभियोगाचा ठराव आलेला नव्हता. गव्हर्नरच्या निवडणुकीसाठी मतदान केंद्रावर आलेल्या सामान्य नागरिकांनी त्याच मतपत्रिकेवर बर्ड यांच्या नावापुढच्या ‘होय’ आणि ‘नाही’ या दोन पर्यायांपैकी ‘नाही’ निवडले, आणि सुमारे दोन-तृतीयांश मते त्यांच्या विरोधात गेली. क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन हे त्यांचे दोन सहकारी न्यायमूर्तीही त्याच दिवशी पराभूत झाले. मतदारांनी मुख्य न्यायमूर्तींना पदावरून काढण्याची कॅलिफोर्नियाच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ होती.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयात वकिली करतो. वाटपाचे दावे, हद्दीचे आणि वहिवाटीचे वाद, मनाईहुकुमाचे अर्ज आणि अधूनमधून फौजदारी जामीन, असे माझे काम आहे. आमच्याकडच्या वाटपाच्या दाव्यात निम्मे सहहिस्सेदार मुंबईत असतात, त्यांच्यावर समन्स बजावून घेण्यातच कितीतरी तारखा जातात, तेवढ्यात मूळ वादी वारतो, मग त्याचे वारस रेकॉर्डवर आणण्याचा अर्ज करावा लागतो, आणि मध्येच कुळाचा मुद्दा निघाला तर तो तहसीलदारांकडे पाठवून त्याचा निकाल येईपर्यंत दावा जागच्या जागी थांबतो. अशा पक्षकाराने एखाद्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर बसून, ‘वकीलसाहेब, आमदाराला पाच वर्षांनी तरी आमच्या दारात यावे लागते, या न्यायाधीशांना कोण विचारणार?’ असे म्हटले, तर त्याला कायद्याचे तत्त्वज्ञान ऐकवणे मला योग्य वाटत नाही. त्याच्या प्रश्नात दम आहे. अमेरिकेतल्या बहुतांश राज्यांनी या प्रश्नाचे उत्तर म्हणून न्यायाधीशांना निवडणुकीला उभे केले. त्या उत्तराचे पुढे काय झाले हे समजून घ्यायचे असेल, तर रोझ बर्ड यांच्या कारकिर्दीकडे जाणे भाग आहे.

त्यांचा जन्म १९३६ मध्ये ॲरिझोना राज्यातला. वडिलांचे छत्र लहानपणीच गेले आणि आईने कारखान्यात काम करून मुलांना वाढवले. १९६५ मध्ये बर्कलेहून कायद्याची पदवी घेतल्यानंतर त्या नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयात लॉ क्लार्क, म्हणजे न्यायमूर्तींच्या कायदेविषयक सहायक, झाल्या, आणि तिथून सांता क्लारा काउंटीच्या सरकारी बचाव वकिलांच्या कार्यालयात गेल्या. वकील करण्याची ऐपत नसलेल्या आरोपींचा बचाव करणारे हे खाते. दोन्ही ठिकाणी त्या पदांवर आलेल्या त्या पहिल्या स्त्री होत्या. पुढे स्टॅनफर्डमध्ये त्यांनी शिकवलेही. १९७५ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्यांना आपल्या मंत्रिमंडळात घेतले आणि शेती व सेवा या विभागाची जबाबदारी दिली. कॅलिफोर्नियात मंत्रिमंडळाच्या दर्जाचे पद मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

या खात्यात असतानाची एक गोष्ट मी थोडी सविस्तर सांगतो, कारण पुढच्या निवडणुकांतला पैसा कुठून आला हे तिच्यावरून कळते. कॅलिफोर्नियाच्या भाजीपाल्याच्या मळ्यांत मजुरांना आखूड दांड्याच्या कुदळीने खुरपणी करावी लागे. दांडा जेमतेम दोन फुटांचा असल्यामुळे मजूर दिवसभर कमरेत वाकलेलाच राही, आणि तो सरळ उभा राहिला की काम थांबले हे मुकादमाला लांबूनही दिसे. या कुदळीने हजारो मेक्सिकन मजुरांच्या पाठी कायमच्या अधू केल्या होत्या. भातलावणीत दिवसचे दिवस वाकून काढलेल्या कोकणातल्या बायकांना यातली यातना समजावून सांगायला नको. १९७५ मध्ये त्या कुदळीवर बंदी आली आणि त्याच वर्षी शेतमजुरांना संघटना करण्याचा व सामुदायिक वाटाघाटीचा हक्क देणारा कायदा झाला. दोन्हींमध्ये रोझ बर्ड यांचा मोठा वाटा होता. मोठ्या बागायतदारांनी हे मनात धरून ठेवले. त्या न्यायाधीश होण्याआधीच त्यांच्या विरोधकांची फळी तयार झाली होती, आणि पुढे ज्या फाशीच्या शिक्षेच्या मुद्द्यावरून बर्ड यांच्याविरुद्ध मोहीम चालली, तिच्याशी या फळीचा काहीही संबंध नव्हता.

१९७७ मध्ये ब्राउन यांनी त्यांना थेट मुख्य न्यायमूर्तिपदासाठी निवडले. वय चाळीस, आणि त्याआधी न्यायासनावर एक दिवसही बसलेल्या नव्हत्या. कॅलिफोर्नियाची पद्धत अशी आहे, की गव्हर्नर नाव सुचवतो, मग तिघांची एक समिती त्याला मान्यता देते, आणि नेमणूक झालेल्या न्यायमूर्तींना गव्हर्नरच्या पुढच्या निवडणुकीच्या वेळी मतदारांसमोर जावे लागते. समोर प्रतिस्पर्धी नसतो. ‘यांना पदावर ठेवावे काय?’ एवढाच प्रश्न असतो. ही पद्धत तिथे १९३४ पासून आहे, आणि पूर्ण मुदत बारा वर्षांची असते. समितीत बर्ड यांना दोन विरुद्ध एक अशी मान्यता मिळाली. अनुभवाच्या अभावावर घेतलेला आक्षेप मला गैरलागू वाटत नाही. मी त्या राज्यात वकील असतो तर मलाही तो प्रश्न पडला असता. त्यांनी कार्यालयात बाहेरची माणसे आणली, जुन्या रूढी मोडल्या, कनिष्ठ न्यायालयांतल्या न्यायाधीशांना पाळीपाळीने सर्वोच्च न्यायालयात तात्पुरते बसवले. यातल्या बऱ्याच गोष्टी चांगल्या होत्या, पण सात जणांच्या न्यायालयात मुख्य न्यायमूर्तीला सहकाऱ्यांची मने सांभाळावी लागतात, आणि तिथे त्यांच्याकडून काही दुखावले गेले असे त्यांच्याबद्दल सहानुभूती असलेलेही म्हणतात.

पहिली निवडणूक ७ नोव्हेंबर १९७८ रोजी झाली. आदल्या वर्षी नेमल्या गेलेल्या न्यायमूर्तीविरुद्ध संघटित मोहीम चालवली जाण्याची ती कॅलिफोर्नियातली अपूर्व घटना होती. मतदानाच्याच सकाळी लॉस एंजेलिस टाइम्सने पहिल्या पानावर बातमी दिली, की गुन्ह्यात बंदूक वापरणाऱ्याला सक्तीने तुरुंगात पाठवणाऱ्या कायद्याविषयीचा एक अप्रिय निकाल न्यायालयाने निवडणूक होईपर्यंत दाबून ठेवला आहे. बर्ड ५१.७ टक्के मते मिळवून कशाबशा टिकल्या. त्यानंतर त्यांनी स्वतःच चौकशीची मागणी केली आणि १९७९ मध्ये राज्याच्या न्यायिक आयोगापुढे ती उघडपणे सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एकामागून एक साक्षीदाराच्या जागी बसून, बंद खोलीत निकाल कसे लिहिले गेले आणि कोणी कोणाच्या मसुद्यासाठी किती थांबले हे सांगत होते, आणि ते दूरचित्रवाणीवर दाखवले जात होते. कोणावरही आरोप ठेवला गेला नाही. पण सहकाऱ्यांनी एकमेकांविरुद्ध जाहीर साक्ष दिल्यावर त्या न्यायालयात मोकळी चर्चा कितपत उरली असेल? निवडणूक नसती, तर एखाद्या निकालाला दोन महिने उशीर का झाला हा प्रश्न कोणी विचारलाही नसता. आमच्याकडे राखून ठेवलेले निकाल यापेक्षा कितीतरी अधिक काळ राखलेले असतात.

त्याच सुमारास मालमत्ता कराला मर्यादा घालणारा, लोकांनी प्रचंड बहुमताने मंजूर केलेला ‘प्रपोझिशन १३’ न्यायालयापुढे आला. न्यायालयाने तो वैध ठरवला. एकट्या बर्ड यांनी समानतेच्या मुद्द्यावर असहमती नोंदवली. त्यांचे म्हणणे असे होते, की शेजारी-शेजारी असलेल्या एकसारख्या दोन घरांपैकी एक आधी घेतलेले आणि दुसरे नंतर घेतलेले एवढ्याच कारणाने त्यांच्यावर वेगवेगळा कर बसणे हे समान संरक्षणाच्या तत्त्वात बसत नाही. निवडणूक दीड महिन्यावर आली असताना, घराघरांत ज्याचे स्वागत झाले होते त्या कायद्यात दोष दाखवणारे हे मत त्यांनी लिहिले. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत मला सर्वाधिक आदर वाटतो तो या असहमतीबद्दल. त्यांचे मत बरोबर होते की चूक, हा प्रश्न वेगळा. ते लिहिताना त्यांनी मतपेटीकडे पाहिले नाही, हे मात्र स्पष्ट आहे.

आता फाशीचा प्रश्न. कॅलिफोर्नियाने १९७७ मध्ये मृत्युदंड पुन्हा आणला आणि १९७८ मध्ये सार्वमताने त्याची व्याप्ती वाढवली. तिथे मृत्युदंडाचे प्रत्येक अपील आपोआप थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाते. आपल्याकडेही सत्र न्यायाधीशांनी दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३६६ आमच्या पिढीला पाठ आहे. वरच्या न्यायालयाने सगळा पुरावा नव्याने तपासावा, हा त्यामागचा हेतू. बर्ड यांच्यापुढे अशी ६४ प्रकरणे आली आणि सर्वच्या सर्व ६४ प्रकरणांत त्यांनी शिक्षा रद्द करण्याच्या बाजूने मत दिले. त्यांतल्या ६१ प्रकरणांत न्यायालयाचे बहुमत त्यांच्या बरोबर होते.

या आकड्यांपुढे मला थांबावेसे वाटते. चौसष्टपैकी चौसष्ट, म्हणजे न्यायाधीशाने आधीच मन बनवलेले होते, असे त्यांचे विरोधक म्हणत आणि सामान्य माणसाला ते पटण्यासारखे होते. पण एकसष्ट प्रकरणांत आणखी किमान तीन न्यायमूर्ती त्याच निष्कर्षावर येतात, याचा अर्थ कायद्यातच काहीतरी अडत होते. ते काय होते, हे १९८३ च्या ‘कार्लोस’ खटल्यावरून समजते. दरोड्यासारख्या गुन्ह्याच्या ओघात खून झाला, तर आरोपीचा ठार मारण्याचा हेतू होता हे सिद्ध न करताही मृत्युदंड देता येईल काय, असा तो प्रश्न होता. कायद्याची भाषा संदिग्ध होती. न्यायालयाने हेतू सिद्ध झालाच पाहिजे असे ठरवले, आणि ज्या ज्या खटल्यांत ज्यूरीला हे सांगितले गेले नव्हते तिथले मृत्युदंड पडू लागले. जो फौजदारी वकील आहे, त्याला हेतू आणि जाणीव यांतला फरक काय असतो आणि त्यावर माणसाचे आयुष्य कसे टांगलेले असते, हे ठाऊक असते. मतपत्रिकेवर मात्र तो फरक मांडण्याची सोय नाही.

भारतातही तेच मंथन चालू होते. १९८० मध्ये बचनसिंग खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा घटनात्मक ठरवून ती ‘विरळातील विरळ’ प्रकरणांपुरती मर्यादित केली. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या न्या. पी. एन. भगवती यांनी फाशीची तरतूद घटनाबाह्य आहे असे मत दिले आणि त्याची सविस्तर कारणे १९८२ मध्ये लिहिली. म्हणजे मृत्युदंडाबाबत ते बर्ड यांच्याही पुढे गेले होते. १९८५ मध्ये ते भारताचे सरन्यायाधीश झाले आणि डिसेंबर १९८६ मध्ये वय पूर्ण झाल्यावर निवृत्त झाले. कॅलिफोर्नियात बर्ड यांचा पराभव झाला त्या दिवशी, ज्यांच्या दृष्टीने फाशी हीच घटनाबाह्य होती ते गृहस्थ आपल्या देशाच्या न्यायव्यवस्थेच्या सर्वोच्च स्थानी बसलेले होते. आपल्याकडे या मुद्द्यावर मतदान घेतले असते तर काय झाले असते, याचा अंदाज बांधायला फार विचार करावा लागत नाही.

१९८६ ची मोहीम मतदानाच्या कितीतरी आधी सुरू झाली. खून झालेल्यांचे नातेवाईक दूरचित्रवाणीच्या जाहिरातींत येऊन आपले दुःख सांगत. ज्या आईचे मूल मारले गेले आणि ज्या आरोपीची शिक्षा न्यायालयाने रद्द केली, ती आई कॅमेऱ्याकडे पाहून बोलत असताना तिच्यासमोर कोणता न्यायमूर्ती कोणते कलम घेऊन उभा राहणार? त्या मातांच्या दुःखात तिळमात्र खोटेपणा नव्हता. पण जाहिरातींचा खर्च उचलणाऱ्यांत विमा, शेती आणि इतर व्यवसायांतले हितसंबंधही होते, आणि न्यायालयाच्या नुकसानभरपाई, भाडेकरू आणि कामगार यांविषयीच्या निकालांनी जे नाराज होते त्यांना फाशीचा प्रश्न आयताच मिळाला होता. गव्हर्नर जॉर्ज ड्यूकमेजियन यांनी स्वतः बर्ड यांच्या विरोधात भूमिका घेतली. जागा रिकाम्या झाल्या तर त्या भरणार तेच होते.

बर्ड यांनी व्यावसायिक प्रचारतज्ज्ञांना दूर ठेवले. आपल्या जाहिरातींत त्या न्यायाधीशाला कणा असावा लागतो असे सांगत राहिल्या, आणि ज्या खटल्यांवरून हल्ला होत होता त्यांच्याविषयी मात्र फारसे बोलू शकल्या नाहीत, कारण ते न्यायाधीशाच्या मर्यादेत बसत नाही. इथे या पद्धतीतला मूळ दोष मला दिसतो. आमदारावर आरोप झाला तर तो सभा घेऊन उत्तर देतो. न्यायाधीशाने जे सांगायचे ते निकालपत्रात सांगून झालेले असते, आणि त्यापलीकडे ती बोलू लागली तर ती पुढच्या खटल्यासाठी अपात्र ठरते. एका पक्षाचे तोंड बांधून लढवलेल्या या लढतीला निवडणूक म्हणणे मला जड जाते.

ऑटो कॉस नावाचे एक न्यायमूर्ती त्याच न्यायालयात होते आणि १९८५ मध्ये निवृत्त झाले. निवडणूक जवळ आलेली असताना वादग्रस्त खटल्याचा निकाल देणे म्हणजे न्हाणीघरातल्या टबात मगर आहे हे ठाऊक असताना, तिच्याकडे लक्ष न देता दाढी करण्याचा किंवा दात घासण्याचा प्रयत्न करण्यासारखे आहे, अशा आशयाचे त्यांचे एक बोलणे प्रसिद्ध आहे. वाशिष्ठीच्या काठावर राहणाऱ्यांना मगर म्हणजे काय हे ठाऊक आहे. ती हल्ला करो वा न करो, ती तिथे आहे म्हणून माणूस पाण्यात वेगळ्या रीतीने उतरतो. कॉस यांचा मुद्दा हाच होता. आपण निकाल मतदारांना भिऊन दिला की नाही, हे त्या न्यायाधीशाला स्वतःलाही शेवटपर्यंत खात्रीने सांगता येत नाही.

त्या नोव्हेंबरात सहा न्यायमूर्ती मतपत्रिकेवर होते. पडले ते तीन, आणि तिघेही जेरी ब्राउन यांनी नेमलेले. उरलेल्या तिघांत स्टॅन्ली मॉस्क होते. मॉस्कही उदारमतवादी म्हणूनच ओळखले जात आणि मृत्युदंड रद्द करणाऱ्या अनेक निकालांत तेही सामील होते, पण ते पूर्वी राज्याचे निवडून आलेले ॲटर्नी जनरल होते, राजकारण जाणून होते, आणि मोहिमेने त्यांना वगळले. ते आरामात टिकले आणि २००१ मध्ये मृत्यू येईपर्यंत, एकूण ३७ वर्षे, त्या न्यायालयात राहिले. दुसरीकडे रेनोसो हे शेतमजुरांच्या कुटुंबातून, संत्र्यांच्या बागांत काम करून वर आलेले, त्या न्यायालयातले पहिले लॅटिनो न्यायमूर्ती. त्यांनी ग्रामीण गरिबांच्या कायदेशीर मदतीच्या संस्थेचे नेतृत्व केलेले होते. मतदारांनी निकालपत्रे वाचून निवड केली असती, तर मॉस्क राहावेत आणि ग्रोडिन जावेत याला कारण सापडणे कठीण होते.

पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, बदललेल्या न्यायालयाने ‘कार्लोस’चा निकाल फिरवला. तो फिरवणारे निकालपत्र मॉस्क यांनीच लिहिले. त्यांनी दिलेली कायदेशीर कारणे आहेत आणि ती वाचण्यासारखी आहेत. तरी चार वर्षांपूर्वीचा हेतूचा नियम, राज्यघटनेतला किंवा कायद्यातला एक शब्द न बदलता, केवळ न्यायासनावरची माणसे बदलल्यावर नाहीसा झाला, ही वस्तुस्थिती उरतेच. नव्या न्यायालयाने बहुसंख्य मृत्युदंड कायम केले.

आमच्याकडच्या एका प्रसंगाची इथे नोंद करतो. गाव आणि माणसे ओळखू येतील असे काही लिहीत नाही. एका तरुण मुलीच्या मृत्यूच्या खटल्यात अटक झालेल्यांपैकी एकाच्या जामिनाचा अर्ज आमच्या न्यायालयात होता. बाहेर रस्त्यावर माणूस मावत नव्हता, बाजारपेठ बंद होती, आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे काही वकील मोठ्याने बोलत होते, जरी असा ठराव करणे बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलेले आहे. न्यायाधीश तरुण होते, विदर्भातून बदलून आलेले, भाड्याच्या घरात राहणारे. त्यांनी केस डायरी मागवली, त्या आरोपीविरुद्ध नेमका पुरावा कोणता हे सरकारी वकिलांना दोनदा विचारले, पंखा बंद पडल्यामुळे घाम पुसत स्वतः आदेश सांगितला आणि स्टेनोने तो टंकलिखित करेपर्यंत आसनावरून उठले नाहीत. जामीन मंजूर झाला होता. पोलीस बंदोबस्तात त्यांची गाडी बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पुकारा झाला तेव्हा ते नेहमीप्रमाणे आसनावर होते आणि बोर्डावरचे पहिले प्रकरण वाटपाचे होते. त्या महिन्यात तालुक्यात त्यांच्या नावावर ‘होय’ की ‘नाही’ असे मतदान झाले असते, तर त्यांना आपल्या पट्टेवाल्याचेही मत मिळाले असते की नाही, मला शंका आहे. नंतर तो आरोपी घटनेच्या वेळी गावात नव्हताच असे निष्पन्न झाले. परंतु ते झाले नसते तरी, त्या दिवशीच्या पुराव्यावर तो आदेश योग्यच होता.

कोकणातल्या जमिनीच्या इतिहासाचाही विचार करावा. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती ही कोकणातली जमीनदारी पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. त्या काळातल्या तालुक्याच्या न्यायाधीशाला खोतांच्या आणि त्यांच्या प्रभावाखालच्या गावांच्या मतांवर निवडून यावे लागले असते, तर एखाद्या कुळाने खोताविरुद्ध दाद मागितल्यावर काय झाले असते? आणि आज चित्र उलटले, कुळे बहुसंख्य झाली, तर जिच्याकडे कागद आहेत पण माणसे नाहीत अशा एखाद्या विधवा जमीनमालकिणीचे काय होईल? न्यायालयात येणारा प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या खटल्यात एकटा असतो.

अमेरिकेतल्या पुढच्या घटना थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. २००४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने, कंपनीविरुद्ध पाच कोटी डॉलरचा निवाडा अपिलात जायचा असताना, एका न्यायमूर्तीच्या निवडणुकीवर सुमारे तीस लाख डॉलर खर्च केले. तो उमेदवार निवडून आला, प्रकरणातून बाजूला होण्यास त्याने नकार दिला आणि निवाडा रद्द करणाऱ्या बहुमतात तो बसला. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते पाच विरुद्ध चार मतांनी घटनाबाह्य ठरवले. चार न्यायमूर्तींना त्यातही हस्तक्षेपाजोगे काही दिसले नाही, याचे मला आजही नवल वाटते. २०१० मध्ये आयोवाच्या तीन न्यायमूर्तींना समलिंगी विवाहाच्या निकालावरून मतदारांनी घरी पाठवले. आणि एप्रिल २०२५ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेसाठी झालेल्या निवडणुकीत दोन्ही बाजूंनी मिळून नऊ कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. सँड्रा डे ओ’कॉनर, ज्या ॲरिझोनात स्वतः निवडणूक लढवून खालच्या न्यायालयात न्यायाधीश झाल्या आणि पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या स्त्री न्यायमूर्ती ठरल्या, त्यांनी निवृत्तीनंतर न्यायाधीशांच्या निवडणुका बंद व्हाव्यात म्हणून वर्षानुवर्षे प्रचार केला.

याचा अर्थ आपली पद्धत निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. ज्या जानेवारी १९७७ मध्ये न्या. एच. आर. खन्ना यांना, आणीबाणीत नागरिकाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने एकट्याने उभे राहिल्याबद्दल, ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद नाकारले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला, त्याच वर्षी कॅलिफोर्नियात बर्ड पदावर आल्या. आपल्याकडे न्यायाधीशाला शिक्षा मतपेटीतून होत नाही. ती नेमणुकीच्या, बदलीच्या आणि न झालेल्या बढतीच्या वाटेने होते. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी नेमणुकीचा पूर्ण अधिकार कार्यकारी मंडळाकडे देणेही धोक्याचे आणि सरन्यायाधीशांना नकाराधिकार देणेही धोक्याचे असे सांगितले होते, कारण सरन्यायाधीशही आपल्यासारखाच गुणदोष असलेला माणूस असतो. १९९३ नंतर कॉलेजियमच्या रूपाने जवळजवळ तसाच नकाराधिकार न्यायमूर्तींकडे गेला, आणि २०१५ मध्ये नियुक्ती आयोगाचा कायदा रद्द झाल्यामुळे तो तिथेच राहिला. कोणाचे नाव का पुढे गेले आणि कोणाचे का मागे राहिले, याची कारणे लोकांसमोर पुरेशा स्पष्टपणे यायला हवीत, असे माझे ठाम मत आहे. ज्या व्यवस्थेत तालुक्याच्या न्यायाधीशालाही दोन हजारांच्या दाव्यात कारणे लिहावी लागतात, तिथे न्यायाधीश नेमणाऱ्यांना ती का नसावीत?

आणि पायरीवर बसलेल्या त्या पक्षकाराचे गाऱ्हाणे निकालाच्या दिशेविषयी नसतेच. त्याला निकाल हवा असतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि त्याच्या कक्षेत रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे आले, याचा माझ्या पक्षकारांना कोणत्याही निवडणुकीपेक्षा अधिक उपयोग आहे; मुंबईला वकील गाठायचा, राहायची सोय बघायची आणि तारीख पुढे गेली म्हणून परतायचे, हे ज्याने सोसले त्याला हे कळेल. भरलेल्या जागा, पुरेसे स्टेनो, समन्स वेळेवर बजावणारा बेलिफ आणि राखून ठेवलेल्या निकालाला पाळली जाणारी मुदत, अशी जबाबदेही मला न्यायाधीशांकडून आणि त्यांच्या वरिष्ठांकडून हवी आहे.

पद गेल्यानंतर रोझ बर्ड यांना मोठ्या वकिली संस्थेत किंवा विद्यापीठात मानाची जागा मिळाली नाही. काही काळ त्यांनी दूरचित्रवाणीवर भाष्य केले. पुढे ईस्ट पालो अल्टोमध्ये गरिबांसाठी चालणाऱ्या एका कायदा सहाय्य केंद्रात त्या स्वयंसेवक म्हणून गेल्या आणि तिथे छायाप्रती काढण्यासारखी किरकोळ कामे करू लागल्या. न्यायमूर्ती होण्याच्या आधीपासून त्यांना स्तनाच्या कर्करोगाने गाठलेले होते, आणि त्या आजाराशी वारंवार झुंजत ४ डिसेंबर १९९९ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. रेनोसो यांना पुढच्या वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षांकडून सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

माझा एक भाचा कॅलिफोर्नियात असतो आणि आता तिथला मतदार आहे. गणपतीला घरी आला असताना त्याने मला त्याच्या २०२२ च्या मतपत्रिकेबद्दल सांगितले. गव्हर्नर झाला, इतर पदे झाली, आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींची नावे आली, खाली अपील न्यायालयाची आणखी. ‘मामा, यातले एकही नाव मी ऐकलेले नव्हते. सगळ्यांना होय केले आणि पुढे गेलो,’ असे तो म्हणाला. १९८६ नंतर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा एकही न्यायमूर्ती मतदारांनी काढलेला नाही, म्हणजे बहुतेक जण हेच करत असावेत. नोव्हेंबर २०२६ मध्ये तिथे पुन्हा गव्हर्नरची निवडणूक आहे. त्या न्यायालयाची निकालपत्रे संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. मी त्याला सांगितले आहे, की ज्यांची नावे मतपत्रिकेवर येतील त्या प्रत्येकाचे एक फौजदारी निकालपत्र आणि एक असहमतीचे मत वाच, आरोपीविषयी तुला काय वाटते ते बाजूला ठेव, आणि अडले तर मला फोन कर. त्याने होकार दिला आहे.